निटिनॉल स्टेंटवर काम सुरू करताय? आधी थर्मामीटर हातात घ्या

स्टेंटच्या (धमनी उघडी ठेवणारी धातूची जाळीदार नळी) फील्डमध्ये यायचंय म्हणणारी मुलं मला पहिला प्रश्न हमखास हाच विचारतात, की दादा कुठलं सॉफ्टवेअर शिकू. हा प्रश्न ऐकला की मला आतून कसंतरी होतं, कारण मीही तिथूनच सुरुवात केली होती आणि एम.टेक.चं जवळजवळ अख्खं एक सेमिस्टर त्यात गेलं. तेव्हा एकदाच नीट लिहून ठेवतो.

बॅलूनवर फुलवायचे स्टेंट (३१६एल स्टील, एल६०५ कोबाल्ट-क्रोम) आणि आपोआप उघडणारे निटिनॉलचे (निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू), यातला फरक तुम्हाला माहीत असेलच. पहिल्यात धातू वाकला की वाकलेलाच राहायला हवा, दुसऱ्यात तो परत यायला हवा. माझं काम मांडीच्या धमनीतल्या निटिनॉल स्टेंटवर होतं. ती धमनी चालताना, जिना चढताना, मांडी घालून बसताना वाकते, पिळली जाते, आखूड होते. तिथे बॅलूनचा स्टेंट एकदा चेपला की संपलं, म्हणून निटिनॉल.

आता मी कुठे अडकलो ते सांगतो, आणि हे जरा लांबेल, पण वाचाच.

ज्या ट्यूबमधून स्टेंट कापतात तिच्याबरोबर सर्टिफिकेट आलं होतं, त्यावर ए-एफ १२ डिग्री. म्हणजे १२ च्या वर धातू पूर्ण ऑस्टेनाइट, स्प्रिंगसारखा परत येणारा. आमची लॅब साधारण २२ डिग्रीला असायची, म्हणजे आपण सेफ, असं मी धरून चाललो. लेझर कटिंग होऊन तुकडे आले, आम्ही ते मॅन्ड्रेलवर (आकार देणारा दांडा) चढवून फर्नेसमध्ये ५०० डिग्रीच्या आसपास टप्प्याटप्प्याने मोठे केले आणि मग रेडियल फोर्स, म्हणजे स्टेंट बाहेरच्या बाजूला किती ढकलतो ते, मोजला. सिम्युलेशनशी, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या मॉडेलशी, काही केल्या जुळेना. मोजलेला फोर्स खूपच कमी, आणि क्रिम्परमधून (स्टेंट दाबून बारीक करणारं यंत्र) बाहेर काढलेला स्टेंट पूर्ण व्यासाला येईना. मला वाटलं स्ट्रट (जाळीच्या काड्या) कायमचे वाकले, डिझाइनच चुकलं. मग मेश (मॉडेल ज्या लहान तुकड्यांत विभागतात ती जाळी) बारीक केला, घर्षणाचा आकडा बदलला, एलिमेंट बदलले, रात्र रात्र रन लावले. गाइडना दाखवलं तर ते म्हणाले अजून बारीक मेश घे. चार महिने गेले आणि खरं सांगतो, सोडून द्यावं असं वाटायला लागलं होतं.

पुण्यातली जानेवारीतली सकाळ होती, लॅब गारठलेली. क्रिम्परमधून काढलेला स्टेंट अर्धवट मिटलेलाच होता. आमच्या लॅबमधले काका, तीस वर्षं फर्नेस सांभाळलेला माणूस, त्यांनी तो उचलला, मुठीत धरला आणि दहा-पंधरा सेकंदांनी मूठ उघडली. स्टेंट पूर्ण गोल उघडलेला. मग त्यांनी तो बर्फाच्या पाण्यात टाकून चिमटीत दाबला, तर ओल्या कागदासारखा मऊ, दाबला तसाच राहिला. परत तळहातावर घेतला, परत उघडला. काका म्हणाले, "अरे, हा गारठलाय, मोडलेला नाही."

झालं काय होतं, तर सर्टिफिकेटवरचा ए-एफ हा ट्यूबचा होता, माझ्या स्टेंटचा नव्हे. या निटिनॉलमध्ये अणूंच्या हिशोबात साधारण ५०.८ टक्के निकेल असतं, म्हणजे टायटॅनियमपेक्षा किंचित जास्त. ४००-५०० डिग्रीला ठेवलं की हे जास्तीचं निकेल टायटॅनियमला धरून बारीक कणांच्या रूपात वेगळं पडतं, आजूबाजूच्या धातूतलं निकेल कमी होतं आणि ए-एफ वर सरकतो. निकेलमध्ये ०.१ टक्का फरक म्हणजे ए-एफमध्ये साधारण १० डिग्री, इतकं हे नाजूक आहे. फर्नेसमधली काही मिनिटं इकडची तिकडे झाली तरी फरक पडतो. मग एएसटीएम एफ२०८२ या चाचणीच्या मानकाप्रमाणे मोजलं, म्हणजे थंड बाथमध्ये वाकवायचं, हळूहळू तापवायचं आणि कुठल्या तापमानाला पूर्ण परत येतो ते बघायचं. माझ्या स्टेंटचा ए-एफ निघाला २९. मी चार महिने २२ डिग्रीला अर्धवट मार्टेनसाइट (धातूचं थंडीतलं मऊ रूप) दाबत बसलो होतो!

आणि एवढ्यावर संपत नाही. ए-एफ बरोबर असला तरी तापमान एक डिग्री वाढलं की प्लॅटोचा (ताण जवळजवळ तेवढाच राहून धातू वाकत जातो तो टप्पा) स्ट्रेस ६-७ एमपीएने (मेगापास्कल) वाढतो. लॅबच्या २२ आणि शरीराच्या ३७ मध्ये १५ डिग्री, म्हणजे ९०-१०० एमपीए. धमनीला बाहेर ढकलतो तो खालचा, अनलोडिंगचा (धातू परत येतानाचा) प्लॅटो, तो मुळातच एक-दोनशे एमपीएच्या घरात, मग त्यात शंभरचा फरक म्हणजे किती ते बघा. रूम टेंपरेचरचा डेटा घातलात तर स्टेंट अशक्त दिसतो, तुम्ही स्ट्रट जाड करता, आणि तोच शरीरात गेल्यावर धमनीच्या भिंतीवर कायम नको तेवढा दाब देत बसतो. ती भिंत कुणाच्या तरी आजीच्या पायातली असते. अबॅकस या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये सुपरइलॅस्टिकचे आकडे भरताना रेफरन्स टेंपरेचरचा रकाना असतो, त्यात तुमचा डेटा ज्या तापमानाचा आहे तेच तापमान लिहा आणि मॉडेलला ३७ द्यायला विसरू नका. पेपरमधून मटेरियलचे आकडे उचलायचा शॉर्टकट तर करूच नका, त्यांची ट्यूब वेगळी, त्यांची फर्नेस वेगळी.

माझं स्पष्ट मत आहे, गाइड निवडताना त्यांचे पेपर किती हे नंतर बघा, ते लॅबमध्ये येतात का ते आधी विचारा. आणि लॅबमधल्या जुन्या माणसाशी पहिल्या आठवड्यात ओळख करून घ्या, चहा पाजा, प्रश्न विचारा, ते सांगतात.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी एक हिशोब कागदावर करा. स्ट्रटला साधी बीम समजा. ताठपणा रुंदीच्या घनाप्रमाणे बदलतो, आणि वाकण्यातला स्ट्रेन रुंदीच्या प्रमाणात वाढतो व लांबीच्या वर्गाने कमी होतो. ड्रॉइंगवर ११० मायक्रॉन आणि इलेक्ट्रोपॉलिशिंगनंतर (विजेने पृष्ठभाग गुळगुळीत करणं) हातात १०० राहिले तर ताठपणा २५ टक्क्यांनी गेला. त्यामुळे मायक्रोस्कोपखाली मोजलेली रुंदीच मॉडेलमध्ये घाला.

घाबरून जाऊ नका मात्र. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटच्या किमतींवर मर्यादा आली (साधा ७,२६०, औषधाचा लेपवाला २९,६०० रुपये) तेव्हा मलाही लोक म्हणाले होते आता या लाइनमध्ये काही राहिलं नाही. पण सुरत, वापीला आजही स्टेंट बनतात, आणि स्वतः ए-एफ मोजलेला, फर्नेसचं लॉगबुक वाचता येणारा पोरगा किंवा पोरगी इंटरव्ह्यूत लगेच ओळखू येते, मार्क कितीही असोत.

मी आता फटीग टेस्टिंगला (परत परत ताण देऊन धातू कधी थकून तुटतो ते तपासणं) आहे. हृदयाचे दहा वर्षांचे ठोके म्हणजे साधारण ४० कोटी सायकल, ५० हर्ट्झला चालवलं तरी ९३ दिवस. इतक्या दिवसांची टेस्ट चुकीच्या तापमानाला चालली तर सगळं पाण्यात, म्हणून रोज सकाळी मशीनच्या स्क्रीनवरचा आकडा बघायच्या आधी मी बाथमध्ये वेगळा थर्मामीटर बुडवतो. परवा स्क्रीनवर ३७ होतं आणि थर्मामीटरवर ३४.५. सेन्सर सरकून हीटरला चिकटला होता.