वाचलेलं आठवत नाही? अभ्यासातल्या या चुका टाळा

‘घरी सगळं येत होतं, पेपरात आठवलंच नाही’ हे दहावीची मुलं म्हणतात आणि एमपीएससीची तयारी करणारेही. मग स्मरणशक्तीला बोल लावला जातो, भिजवलेले बदाम सुरू होतात. खरं तर बहुतेक वेळा नवी माहिती कशाला जोडायची हे न बघताच ती कोंबलेली असते.

संदर्भ न घेता थेट पाठांतर

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. १९७२ साली ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक उतारा ऐकवला. वस्तूंचे वेगवेगळे ढीग करा, एका वेळी फार घेऊ नका, शेवटी सगळं जागच्या जागी ठेवा, असा त्याचा मजकूर. शब्द सोपे, तरी ऐकणाऱ्यांना फारसं आठवेना. हे कपडे धुण्याबद्दल आहे असं ज्यांना आधी सांगितलं होतं, त्यांना बरंच जास्त आठवलं. उतारा संपल्यावर विषय सांगितला, त्यांना मात्र काही फायदा झाला नाही.

म्हणून पिकं आणि धरणांचे तक्ते घोकण्याआधी नकाशा उघडा. सातारा जिल्हाच घ्या. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि त्याच जिल्ह्यात पूर्वेकडच्या माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास. ढग सह्याद्री चढतानाच रिकामे होतात, पलीकडे पर्जन्यछाया. एवढं कळलं की कोयना धरण पश्चिमेला का, घाटमाथ्याकडे भात का, माणमध्ये बाजरी का, हे आपोआप लागत जातं.

चेस आणि सायमन यांनी १९७३ मध्ये बुद्धिबळातल्या निष्णात खेळाडूला पाच सेकंद पट दाखवला. खऱ्या डावातली मांडणी त्याला नवख्यापेक्षा कितीतरी चांगली आठवली. सोंगट्या कशाही मांडल्यावर मात्र ती आघाडी जवळजवळ संपली. कामी आलं ते खेळाचं ज्ञान.

ओळखीचं वाटलं म्हणजे येतं, हा समज

पिवळ्या मार्करने रंगवलेलं पान तिसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, कारण उत्तर समोर असतं. पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर लिहा. जिथे पेन अडेल तेवढंच पुन्हा वाचा.

आधीच्या माहितीवर आंधळा भरवसा

जुनी माहिती मदत करते तशी दगाही देते. १९८१ मध्ये ब्रूअर आणि ट्रेयन्स यांनी ३० जणांना थोडा वेळ एका संशोधकाच्या खोलीत बसवलं. बाहेर आल्यावर ९ जणांनी तिथे पुस्तकं होती असं सांगितलं, पण खोलीत एकही पुस्तक नव्हतं. अशा खोलीत ती असायलाच हवीत, म्हणून मनाने भरून टाकली.

परीक्षेतही असंच होतं. राज्यातलं सर्वांत उंच शिखर विचारलं की हात महाबळेश्वरकडे जातो. उत्तर आहे कळसूबाई, १६४६ मीटर. गोदावरी, भीमा, कृष्णा पूर्वेकडे जातात, म्हणून तापीलाही पूर्वेकडे वळवलं जातं. ती पश्चिमेला अरबी समुद्राला मिळते. असे अपवाद वहीत वेगळे काढा आणि त्याच पानावर त्यामागचं कारणही लिहा.

अभ्यासिकेतली एकच ठरलेली खुर्ची

गॉडन आणि बॅडली यांनी १९७५ मध्ये पाण्यात बुडी मारणाऱ्या लोकांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे: पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखाली जास्त आठवले, काठावरचे काठावर. २०२१ मध्ये तो पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही, त्यामुळे जागेचा फार बाऊ नको. तरी स्वतःची चाचणी कधी घरी, कधी वाचनालयात, कधी बाकावर बसून द्यायला काहीच खर्च नाही. आणि पेपरात अडलंच, तर तो धडा कुठे बसून वाचला, शेजारी कुठली आकृती होती, त्याआधी काय शिकला होतात, हे मिनिटभर डोळ्यांसमोर आणा. तरी सुचलं नाही तर पुढचा प्रश्न घ्या. त्याच विषयावरचा दुसरा प्रश्न सोडवताना पुष्कळदा धागा सापडतो.