भरतीच्या सोळाशेवर थांबू नका: आठशे-पंधराशेचं करिअर कसं बांधायचं

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठंही पहाटे साडेपाचला बाहेर पडा, रोडच्या कडेने भरतीची पोरं पळताना दिसतीलच. यातल्या काहींच्यात खरंच मिडल डिस्टन्सचा, म्हणजे ८०० आणि १५०० मीटर शर्यतींचा, दम असतो पण भरतीच्या चाचणीतला १६०० मीटर वेळेत निघाला की विषय संपला असं घरचे पण धरून चालतात आणि पोरं पण, याचं मला फार वाईट वाटतं म्हणून लिहितोय.

आधी हिशोब बघा. १६०० मीटर ५:१० मध्ये म्हणजे ४०० च्या ट्रॅकवर लॅपला साडेसत्त्याहत्तर सेकंद. १५०० मीटर चार मिनिटांत काढायचे तर पावणेचार लॅप, प्रत्येक ६४ ला. हा फरक रोज जीव तोडून पळून भरत नाही आणि आपल्याकडे नेमकं तेच चालतं, रोज टायमिंग, रोज फुल स्पीड, मग नडगी दुखायला लागते नि पोरगं घरी बसतं.

त्यामुळे आठवड्यात तीन दिवस निवांत पळा, सोबतच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत इतकं निवांत. एक दिवस वीस मिनिटं टेम्पो (जोरात, पण शेवटपर्यंत टिकेल अशा एकसारख्या वेगाने), रविवारी लाँग रन, एक दिवस पूर्ण सुट्टी. राहिलेला दिवस रिपीटचा: ४०० चे सहा, मधे दोन-दोन मिनिटं आराम, आणि सहावा पहिल्याइतकाच निघाला पाहिजे. पहिला ६८ आणि शेवटचा ८० येत असेल तर पहिलाच चुकला समजा. ट्रॅक नसेल तर शाळेच्या ग्राउंडवर टेपने २०० मीटर मोजून फक्की टाका, चालतं. फक्त उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात तिथं स्पीड मारू नका, घोटा जातो. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो, तेव्हा साडेसहाच्या आत सगळं उरकायचं. जमलं तर काही दिवस तोरणमाळला जा, थंड हवा आणि चढ दोन्ही मिळतात.

रेस कशी पळायची ते केनियाच्या डेव्हिड रुडिशाकडून शिका. २०१२ लंडन ऑलिम्पिक, ८०० ची फायनल, पहिल्यापासून पुढे, पहिला लॅप ४९.२८ आणि एकूण १:४०.९१, म्हणजे दुसरा लॅप ५१.६३. वर्ल्ड रेकॉर्डला सुद्धा दोन लॅपमध्ये फक्त सव्वादोन-अडीच सेकंदांचा फरक! आपली पोरं पहिला ५८ मारतात नि दुसरा ७२. आपल्या श्रीराम सिंगने १९७६ ला मॉन्ट्रियलच्या फायनलमध्ये पहिला लॅप लीड केला होता, सातवा आला, पण १:४५.७७ हा त्याचा नॅशनल रेकॉर्ड २०१८ पर्यंत, जिन्सन जॉन्सनने १:४५.६५ काढेपर्यंत टिकला.

आणि घाई नको. मोरोक्कोचा धावपटू हिशाम एल गेरूज १९९६ ला १५०० च्या ऑलिम्पिक फायनलमध्ये पडला, १९९८ ला १५०० चा ३:२६.०० असा वर्ल्ड रेकॉर्ड केला, २००० ला पुन्हा गोल्ड हुकलं, शेवटी २००४ ला १५०० आणि ५००० दोन्ही जिंकला. सोळाव्या वर्षी स्टेटला मेडल आलं नाही म्हणून सोडणाऱ्या पोरापोरींनी ही वर्षं नीट वाचा.

खाणं घरचंच, भाकरी, उडदाची डाळ, शेंगदाणे, केळी. पोरींनी हिमोग्लोबिन अधूनमधून चेक कराच, दम लागतो म्हणून ट्रेनिंग वाढवतात आणि खरं कारण रक्तात असतं. जिमवाल्याने दिलेली पावडर किंवा इंजेक्शन अजिबात नको, डोपिंग टेस्टमध्ये सापडलात तर अनेक वर्षांची बंदी लागते.

जिल्हा स्पर्धेपासून प्रत्येक सर्टिफिकेट जपून ठेवा, राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि तिथं कागद लागतात. लहान भाऊ पळत असेल तर पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटच्या बॉईज कंपनीची चौकशी आत्ताच करा, तिथं लहान वयातच घेतात. जन्मदाखला मात्र खरा द्या, वय कमी दाखवून जिंकलेलं मेडल नंतर काढून घेतात.