सूडाचा वेस्टर्न गच्चीवर कसा बघावा

वेस्टर्न म्हणजे जुन्या अमेरिकेतल्या घोडे-पिस्तुलांचा पिक्चर. मे महिन्यात जळगावात तो दिवसा लावूच नका. सूर्य बुडाला की गच्चीवर पाणी मारा, पांढरी चादर ताणून बांधा, मग प्रोजेक्टर. शेवभाजी-भाकरी आधीच उरका, नंतर ताटाकडे लक्ष राहत नाही. लहान पोरांना खाली झोपवा. खाली सांगतो त्या पिक्चरमध्ये एका बाळालाही मारतात. गोळ्यांचा नुसता आवाज येतो, पण मला तो आजही ऐकवत नाही.

सुरुवात इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेच्या १९६५ च्या 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर'पासून करा. ओठ आणि शब्द जुळत नाहीत म्हणून वैतागू नका. इटलीत तेव्हा आवाज नंतर भरायचे. माळरान स्पेनमधल्या आल्मेरियाचं आहे, पण धुळ्याकडच्या बोडक्या टेकड्या बघितलेल्या माणसाला ते परकं वाटत नाही.

पैसे पडद्यापेक्षा स्पीकरवर घाला. खिशातलं घड्याळ उघडलं की संगीतकार एन्नियो मोरिकोनेची बारीक धून वाजते. ती थांबली की पिस्तूल निघतं. तेव्हा टेबलफॅनसुद्धा बंद करा. आणि झाकणाच्या आतला फोटो नीट बघून ठेवा. सूड घ्यायला निघालेला कर्नल त्याच चेहऱ्यासाठी एवढ्या लांब आलाय.