परसातली फुलं फुलदाणीत: मेहनत घ्या ती पाणी पाजण्यावर

फुलं सकाळी ऊन चढायच्या आत तोडा आणि बागेत जाताना बादलीत वीतभर पाणी घेऊनच जा. परडी पूजेच्या फुलांसाठी ठीक आहे, दांड्याच्या फुलांसाठी नाही.

निशिगंध खालची दोन-तीन फुलं उमलल्यावर तोडावा, ग्लॅडिओलस खालच्या कळ्यांना रंग दिसल्यावर आणि गुलाब कळी जरा सैल झाल्यावर. डेलिया आणि झिनिया मात्र उमललेलीच घ्या, त्यांच्या कळ्या घरात आणून उमलत नाहीत. झिनियाचा दांडा फुलाखाली वीतभर अंतरावर धरून हलवा. मान लवली तर फूल अजून कच्चं आहे, राहू द्या झाडावर. जास्वंद फुलदाणीसाठी तोडूच नका, संध्याकाळी मिटते. सोनचाफा पसरट वाटीत पाण्यावर ठेवावा.

आता गुलाब. मला वर्षानुवर्षं रडवलं ते त्यांनीच. घरातल्या एका साखरपुड्याला गच्चीवरचे तीसेक गुलाब सकाळी तोडून सजवले होते. पाहुणे यायच्या आत निम्म्यांनी माना टाकल्या. पाकळ्या ताज्या, पानं हिरवीगार, फुलदाणीत पाणी काठोकाठ, आणि मान लुळी! तेव्हा कळेना, पाणी असून फूल तहानलेलं कसं.

कारण देठात असतं. देठ हवेत कापला की पाणी वर नेणाऱ्या नळ्यांमध्ये हवा शिरते. तो बुडबुडा अडकला की खाली कितीही पाणी असो, मानेपर्यंत पोचत नाही. म्हणून घरी आणल्यावर देठ पुन्हा कापायचा, आणि तो पाण्याखाली. घमेल्यात पाणी घ्या, देठाचं टोक बुडवून धरा आणि धारदार सिकेटरने (फांद्या छाटायच्या कात्रीने) दोन-तीन सेंटीमीटर तिरकं कापा. बाहेर काढताना टोकाला पाण्याचा थेंब लोंबत असतो, तो पडायच्या आत देठ बादलीत गेला पाहिजे. शिवणकामाची बोथट कात्री वापरू नका, ती देठ चिरडते. हातोडीने देठ ठेचायचा सल्लाही ऐकू नका, ठेचलेल्या भागात जंतू लवकर माजतात.

मग बादलीत मानेपर्यंत पाणी, आणि बादली अंधाऱ्या, गार खोलीत किमान तीन तास, जमलं तर रात्रभर. ही पायरी लोक सर्रास गाळतात आणि मग रोपवाटिकेला दोष देतात. गुलाब वर्तमानपत्रात सैलसर गुंडाळून उभे केले तर माना सरळ राहतात. मान आधीच पडली असेल तर देठ पुन्हा कापून अख्खं फूल टबात तासभर आडवं बुडवा. माझी बहुतेक फुलं अशीच परत उभी राहिली आहेत.

पाण्यात ॲस्पिरिन आणि तांब्याचं नाणं मी दोन्ही करून पाहिलं, वेळ वाया गेला. लिटरभर पाण्यात चमचाभर साखर, दोन चमचे लिंबाचा रस आणि ब्लीचचे दोन-चार थेंब पुरतात. नुसती साखर कधीच घालू नका, ती आधी जंतूंनाच पोसते.

रचना सोपी आहे. पाण्यात बुडणारी पानं काढा, फुलदाणीच्या तोंडावर पारदर्शक चिकटपट्टीची जाळी करा, आधी शतावरी किंवा नेचा, मग मोठी फुलं, शेवटी छोटी. उंची फुलदाणीच्या दीडपट. देठ खोचायचा हिरवा स्पंज मी घरात आणत नाही, तो प्लास्टिकचाच असतो, मातीत कुजत नाही.

फुलदाणी पंख्याखाली ठेवू नका, केळ्यांच्या किंवा पिकत्या आंब्यांच्या शेजारी तर नकोच. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि फुलं लवकर गळतात.

पाणी एक दिवसाआड बदला, दर वेळी देठ सेंटीमीटरभर कापा. देठ बोटांना बुळबुळीत लागला तर फुलदाणी साबणाने घासा. झेंडूचं पाणी मात्र रोजच बदला, दुसऱ्या दिवशीच वास मारायला लागतं.