मुरमाच्या वाटेवरची मॅरेथॉन : तयारीची यादी

साताऱ्यातील अनेक धावपटूंची पहिली मोठी स्पर्धा म्हणजे यवतेश्वरचा घाट चढून उतरण्याची, अर्थात सातारा हिल हाफ मॅरेथॉन. तिची तयारी करता करता एक हिशेब अंगवळणी पडतो: पायाखाली डांबर, ठरावीक अंतरावर पाणी, दुतर्फा टाळ्या वाजवणारी माणसे आणि मनगटावर दिसणारा किलोमीटरमागचा वेळ. तालुक्याच्या एखाद्या गावी कालव्याच्या कडेने, पाणंदीतून आणि माळावरच्या मुरमाड वाटेने पूर्ण ४२.१९५ किलोमीटरची स्पर्धा ठेवली जाते, तेव्हा या हिशेबातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट गळून पडते. तेथे धावपटू मोजके असतात, स्वयंसेवक त्याहून मोजके, आणि मधले कित्येक किलोमीटर आपण व आपली सावली एवढेच असते. म्हणून पुढील यादी वाचताना दोन प्रश्न सतत डोळ्यांसमोर ठेवावेत: पायाखाली नेमके काय असणार आहे, आणि आयोजक जे देणार नाहीत ते आपण कसे सोबत नेणार आहोत.

नोंदणीचे पैसे भरण्यापूर्वीच आयोजकांना काही गोष्टी विचारून घ्याव्यात. पाण्याची ठिकाणे किती किलोमीटरच्या अंतराने आहेत, तेथे पेले असतील की आपला पेला न्यायचा, कोणत्या टप्प्यापर्यंत किती वाजता पोहोचले पाहिजे, रुग्णवाहिका नेमकी कुठे उभी राहणार, आणि शेवटच्या धावपटूच्या मागून कोणी येणार आहे का, एवढे प्रश्न पुरेत. उत्तरात आकडा आला तर तो लिहून ठेवावा. ‘सगळी सोय आहे, काळजी करू नका’ असे उत्तर आले, तर सोय नाही असे धरून तयारी करावी. यात आयोजकांचा अपमान नाही, लहान गावातील मंडळी उत्साहाने आणि स्वतःच्या खिशातून हा उपक्रम करत असतात, पण उत्साहाने बाटली भरत नाही.

अंतराविषयीही एक समज आधीच करून घ्यावी. रस्त्यावरील प्रमाणित मॅरेथॉनचा मार्ग सायकलच्या चाकाला बसवलेल्या मोजणीयंत्राने मोजतात आणि अंतर कमी भरू नये म्हणून हजारामागे एक, म्हणजे एकूण सुमारे ४२ मीटर जास्त धरतात. पाणंदीच्या मार्गाचे मोजमाप बहुधा घड्याळातल्या किंवा मोबाइलमधल्या जीपीएसवर झालेले असते. त्यामुळे शेवटची रेषा अर्धा किलोमीटर अलीकडे किंवा पलीकडे निघाली तर आश्चर्य वाटू देऊ नये, आणि अशा स्पर्धेची वेळ मोठ्या शहरातील मॅरेथॉनच्या पात्रतेसाठी सहसा चालत नाही हेही लक्षात असावे.

शक्य असल्यास स्पर्धेच्या महिनाभर आधी मार्ग प्रत्यक्ष पाहून यावा. निदान अवघड वाटणारा अर्धा भाग तरी चालत पाहावा. मुरूम सगळीकडे सारखा नसतो. रोलर फिरवून बसलेला मुरूम डांबरापेक्षा पायांना सुखाचा असतो, तर पावसाळ्यात वरचा बारीक थर वाहून गेलेल्या चढावर खालची खडी उघडी पडते आणि प्रत्येक पाऊल थोडे मागे घसरते. सर्वांत वाईट म्हणजे नुकताच टाकलेला, न दाबलेला मुरूम: तेथे घोटा वळतो आणि पोटऱ्या लवकर थकतात. कालव्यालगतच्या रस्त्याला एका बाजूला उतार असेल, तर तासभर एकाच कुशीवर धावून कंबर आणि गुडघा कुरकुर करतात. मोकळा रस्ता मिळेल तेथे बाजू बदलावी. बैलगाडी व ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या ही मात्र धावपटूची सोय आहे, कारण चाकांनी त्या दाबलेल्या असतात आणि सुटे गोटे मधल्या उंचवट्यावर व कडेला फेकलेले असतात. मार्गात काळ्या मातीचा पट्टा असेल तर आदल्या आठवड्यात पाऊस झाला का याची चौकशी करावी. ओली काळी माती बुटाला चिकटली की प्रत्येक पाय जड होतो आणि बुटाचे दात निरुपयोगी ठरतात.

सरावासाठी चार महिने हाताशी असावेत, आणि हे आधी अर्धमॅरेथॉन व्यवस्थित पूर्ण केलेल्या माणसाविषयी बोलणे आहे. चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच मधुमेह, रक्तदाब किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असणाऱ्यांनी सराव सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. आठवड्यातील लांब पल्ल्याची धाव हळूहळू वाढवत तीस-बत्तीस किलोमीटरपर्यंत न्यावी, आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक धावा कच्च्या वाटेवरच व्हाव्यात. साताऱ्यात राहणाऱ्यास चढ शोधावा लागत नाही. यवतेश्वरच्या घाटाचा उपयोग चढण्यापेक्षा उतरण्याच्या सरावासाठी करावा, कारण मांड्यांचे स्नायू उतारावर ताणले जात असतानाच भार झेलतात आणि तेच दुसऱ्या दिवशी जिना उतरू देत नाहीत. सांगली शहर नदीकाठच्या सपाटीवर असल्याने तेथील धावपटूंनी रविवारी दंडोबाच्या डोंगराकडे जावे. माण-खटाव किंवा जत-आटपाडीकडील धावपटूंना हे सांगण्याची गरज नाही. माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावल्या, आणि त्या भागातील मुलांना माळावर धावणे म्हणजे वेगळा क्रीडाप्रकार वाटत नाही.

कच्च्या वाटेवर पावले आखूड आणि झटपट पडावीत, नजर पायाच्या अंगठ्यावर न ठेवता तीन-चार मीटर पुढे ठेवावी, आणि हात किंचित फाकलेले असावेत. घोट्यांसाठी रोज एका पायावर उभे राहण्याचा व्यायाम करावा. दात घासताना केला तरी चालतो, डोळे मिटून केला तर अधिक उपयोगी. पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा वर-खाली करण्याचा व्यायाम पोटऱ्यांसाठी पुरेसा आहे. शेवटचे दोन-तीन आठवडे अंतर टप्प्याटप्प्याने कमी करावे, आणि राहून गेलेला सराव या काळात भरून काढण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

वेळेचे गणित वेगळे मांडावे लागते. डांबरावरील आपला वेग येथे धरून ठेवणे हा माझ्या मते या स्पर्धेतील सर्वांत महागडा हट्ट आहे. पहिल्या पंधरा किलोमीटरपर्यंत शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकाच जोर लावावा, तीव्र चढ सरळ चालत चढावेत, आणि घड्याळ केवळ खाण्यापिण्याची आठवण करून देण्यासाठी वापरावे. डांबरावर साडेचार तासांत मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्याने येथे साडेपाच ते सहा तासांची शिधासामग्री बाळगावी.

बूट कच्च्या वाटेसाठीचे, तळाला तीन ते पाच मिलिमीटरचे दात असलेले आणि बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा राहील असे घ्यावेत, कारण उतारावर पाय पुढे सरकतो आणि घट्ट बुटात नखे काळी पडतात. तळव्यात कडक पत्रा असलेले बूट मिळाले तर उत्तम. आपल्याकडे खड्यांइतकाच बाभळीच्या काट्याचा प्रश्न असतो आणि मऊ फोमच्या तळातून तो सहज आत येतो. नवे बूट स्पर्धेच्या दिवशी प्रथम घालू नयेत हे सर्वांना ठाऊक असते, तरीही दरवेळी कोणीतरी घालतेच. मोजे सुती नसावेत, कारण सूत घाम धरून ठेवते आणि फोड येतात. पावसाळा संपल्यानंतर माळावरील गवत वाळते आणि कुसळे मोज्यात घुसून टोचू लागतात. सोबत सराटे असतातच. यावर विकतचे गेटर, म्हणजे बुटाच्या तोंडावर बसणारी कापडी आवरणे, मिळतात, पण जुन्या लांब मोज्याचा पंजा कापून उरलेली नळी बुटाच्या तोंडावर ओढून घेतली तरी खडे व कुसळे बऱ्यापैकी अडतात. छातीवरचा क्रमांक लावण्यासाठी मिळणाऱ्या सेफ्टी पिनांपैकी एक जास्तीची मागून घ्यावी. काटा काढायला तीच उपयोगी पडते. काखा, जांघा आणि पिशवीच्या पट्ट्याखालील जागा यांना व्हॅसलीन लावावे. नखे तीन-चार दिवस आधी कापावीत.

खाण्यापिण्याची तयारी सर्वांत तपशिलाने करावी लागते, कारण शरीरातील साठवलेली साखर साधारणपणे तीस किलोमीटरच्या आसपास संपत येते आणि त्या वेळी आपण गावापासून दूर असतो. ताशी तीस ते साठ ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत असा सर्वमान्य अंदाज आहे. त्यासाठी महागड्या जेलवरच अवलंबून राहण्याचे कारण नाही. चाळीस ग्रॅम बेदाण्यांत सुमारे तीस ग्रॅम कर्बोदके असतात आणि तासगावचे बेदाणे आपल्या घरात असतातच. दोन मोठे चमचे काकवी लहान मऊ बाटलीत भरून नेली तर तीही जवळपास तेवढेच काम करते आणि चावावी लागत नाही. गुळाचा खडा कोरड्या तोंडात विरघळत नाही, राजगिऱ्याची वडी घशात अडकते, आणि शेंगदाण्याची चिक्की धावताना पचायला जड जाते. हे पदार्थ चालण्याच्या चढावर आणि घोटभर पाण्यासोबतच खावेत. जे काही ठरवाल ते लांब पल्ल्याच्या सरावात किमान तीन-चार वेळा खाऊन पाहिलेले असावे. पहिला घास भूक लागण्यापूर्वी, पाऊण तासाच्या आतच घ्यावा.

पाणी ताशी साधारण चारशे ते आठशे मिलिलिटर लागते, पण ते तहानेनुसार प्यावे. भीतीपोटी प्रत्येक ठिकाणी पोटभर पाणी पिणाऱ्याच्या रक्तातील सोडियम उतरते, आणि हा प्रकार तहानेइतकाच, कधी त्याहून अधिक धोक्याचा असतो. दीड लिटर पाणी मावेल अशी पाठीची पिशवी घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे केलेल्या ओआरएसमध्ये प्रतिलिटर ७५ मिलिमोल सोडियम असते, मात्र त्यासाठी पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच पाणी घालावे लागते; साधारण २१ ग्रॅमचे मोठे पाकीट एका लिटरसाठी असते आणि चार ग्रॅमच्या आसपासचे छोटे २०० मिलिलिटरसाठी. मोठे पाकीट अर्ध्या बाटलीत ओतल्याने शक्ती दुप्पट होत नाही, पोट मात्र बिघडते. मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी काकवी आणि ओआरएस या दोन्हींविषयी डॉक्टरांना विचारावे. वेदनाशामक गोळी घेऊन धावणे सर्वांनीच टाळावे. शरीरातील पाणी कमी झालेले असताना आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांचा ताण मूत्रपिंडावर येतो.

वाटेवरील सोबत्यांचाही विचार असावा. उसाचा हंगाम सुरू असेल तर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर अरुंद रस्त्याने येतात, आणि चालकांना गाण्याच्या आवाजात आपली चाहूल लागत नाही; त्यांना बाजू आपणच द्यावी आणि मागची ट्रॉली पूर्ण पुढे जाईपर्यंत रस्त्यावर येऊ नये. कानातले यंत्र घरी ठेवावे. मेंढरांच्या कळपाजवळ पोहोचताच धावणे थांबवून चालावे आणि मेंढपाळाला आवाज द्यावा, कारण त्याची कुत्री धावणाऱ्यालाच शत्रू समजतात. कराड, पाटण आणि शिराळा भागात उसात बिबट्याचा वावर असतो, म्हणून तेथे अंधारात एकट्याने सराव करू नये. फुरसे आणि घोणस यांच्यासाठी पहाटे डोक्यावरचा दिवा लागतो, आणि लघुशंकेसाठी गवतात शिरताना तर नक्कीच लागतो. मार्गावरील फक्कीचे बाण ट्रॅक्टरच्या चाकाखाली पुसले जातात, झेंड्या पोरे काढून नेतात. म्हणून नकाशा मोबाइलमध्ये असा उतरवून घ्यावा की रेंज नसतानाही तो उघडेल. मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत, पूर्ण चार्ज करून, आयोजकांचा क्रमांक आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक ठाऊक असलेल्या अवस्थेत सोबत असावा. थोडी रोकडही असावी. वस्तीवरच्या टपरीत क्यूआर कोड असतो, पण रेंज असेलच असे नाही.

आदल्या रात्रीचा मुक्काम वेळीच ठरवावा. तालुक्याच्या गावी लॉज थोडे, आणि लग्नसराई किंवा जत्रा असेल तर तेही भरलेले. पहिली एसटी स्पर्धेच्या वेळेआधी पोहोचेलच असे नाही. जेवण लवकर आणि साधे असावे: वरण-भात, बटाट्याची भाजी, दही. पिठले, उसळ, मिसळ आणि तांबडा-पांढरा यांना दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवावे. पहाटे सुरुवातीच्या अडीच-तीन तास आधी पोहे किंवा केळी खावीत. हिवाळ्यात पहाटे कुडकुडायला होते आणि दहानंतर माळावर सावली सापडत नाही, म्हणून टाकून देता येईल असा जुना सदरा वरून घालावा आणि टोपी पिशवीत ठेवावी.

स्पर्धेनंतर स्वतः गाडी चालवत परतण्याचा बेत करू नये; पोटरीत गोळा आला तर ब्रेकवरचा पाय उचलता येत नाही. पडून खरचटले असेल तर जखमेतील मुरमाचे कण भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन काढावेत आणि धनुर्वाताची शेवटची लस घेऊन पाच वर्षांहून अधिक काळ झाला असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात जावे. लघवी चहासारखी गडद झाली, तर मात्र घरी विश्रांती घेण्यावर न थांबता ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे. पुढचे दोन आठवडे चालणे आणि हलकी धाव एवढेच ठेवावे.