जुन्या धनुष्याचे पॉलिश नव्याने करताना

गेल्या हिवाळ्यात खानापूर तालुक्यातील एका निवृत्त सुभेदारांच्या घरचे धनुष्य माझ्याकडे आले. मुठीला शिसवी लाकूड आणि दोन्ही भुजांच्या लाकडी पट्ट्यांवर पाठीपोटाला फायबरग्लासचा थर, अशी त्याची बांधणी होती. दर खंडेनवमीला खुंटीवरून उतरवून त्याची पूजा होत असे, त्यामुळे मुठीवर हळदीकुंकवाचे थर बसले होते, वॉर्निश तपकिरी पडले होते आणि टोकांकडे त्याचे पोपडे सुटत होते. अशा धनुष्याचे पॉलिश घरी करता येते. मात्र ते काम कपाटाच्या पॉलिशसारखे नाही, कारण कपाट वाकत नाही आणि धनुष्याला प्रत्येक बाणागणिक वाकावे लागते.

काम हाती घेण्यापूर्वी धनुष्य कोणत्या जातीचे आहे ते ओळखावे. एखाद्या जुन्या वाड्यात शिंग, स्नायुतंतू आणि लाकूड सरसाने जोडून केलेले, वरून रंगवलेले धनुष्य असेल, तर त्याला पॉलिश पेपर लावूच नये. सरस पाण्याने आणि उष्णतेने सुटतो, वरचा रंग हाच त्या वस्तूचा इतिहास असतो, आणि दोरी उतरवल्यावर उलट्या दिशेने वळलेले ते धनुष्य जबरदस्तीने चढवले तर मोडते. ते कोरड्या जागी ठेवून जाणकाराला दाखवावे. पुढील सूचना फक्त अखंड लाकडाच्या आणि फायबरग्लासच्या धनुष्यांसाठी आहेत.

दोरी उतरवलेल्या अवस्थेत धनुष्य उजेडात धरून टोकापासून टोकापर्यंत नजर टाकावी; एखादी भुजा पिळवटलेली असेल तर ती तेव्हाच दिसते. मग कापसाचा बोळा दोन्ही बाजूंवरून आणि कडांवरून अलगद फिरवावा. जिथे धागे अडकतील तिथे फायबर किंवा लाकूड उचकटले आहे असे समजावे. वॉर्निशला पडलेल्या बारीक भेगा आणि खालच्या थराच्या भेगा यांत गल्लत होऊ नये: नख फिरवून पाहावे, आणि थोड्या भागावरचे वॉर्निश काढल्यावर रेघ नाहीशी झाली तर काळजीचे कारण नाही. याउलट भुजेला आडवी गेलेली, लाकडात किंवा फायबरमध्ये उतरलेली भेग असेल, तर ते धनुष्य भिंतीवरच शोभेल. त्याचे पॉलिश अवश्य करावे, परंतु ते ओढू नये. इथे भिडेखातर सूट देऊ नये, कारण ताणलेली भुजा तुटली की तिचा तुकडा तोंडावर येतो.

या कामातला सर्वांत मोठा धोका म्हणजे अति घासणे. भुजेचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनावर अवलंबून असतो. जाडी शेकडा ५ ने कमी झाली, तर ताठपणा शेकडा १४ च्या आसपास घटतो. म्हणजे पूर्ण ओढायला ४० पौंडांचा जोर लागणारे धनुष्य ३४ पौंडांवर येते. दहा मिलिमीटर जाडीच्या लाकडी भुजेत हे ५ टक्के म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि खरखरीत पॉलिश पेपरने उत्साहाच्या भरात तेवढे सहज निघून जाते. त्यातही वरची भुजा अधिक आणि खालची कमी घासली गेली, तर दोन्हींचा तोल बिघडतो. म्हणून काढायचे ते फक्त जुने पॉलिश, खालचा थर नव्हे.

जुने पॉलिश कोणते आहे हे मुठीच्या चामड्याखालच्या झाकलेल्या भागावर तपासावे. स्पिरिटच्या बोळ्याने ते चिकट होऊन निघाले तर ती चपड्याची लाख, थिनरने विरघळले तर लॅकर, आणि दोन्हींनी हलले नाही तर तेलाचे वॉर्निश किंवा पीयू (पॉलियुरेथेन). रंग काढण्याचे बाजारी रसायन आणि गरम हवेचे यंत्र वापरू नये. रसायन फायबरग्लासमधल्या राळेला आणि थर जोडणाऱ्या इपॉक्सीला खाते, तर उष्णता ती मऊ करते. मुठीचे लाकूड रंध्याचे पाते उभे धरून हलके खरवडावे आणि नंतर २२० व ३२० नंबरच्या पेपरने, रेषेच्या दिशेने, साफ करावे. भुजांवर ४०० नंबरचा वॉटर पेपर, पाण्याचे चार थेंब आणि लांबीच्या दिशेचा हात पुरेसा होतो. ओल्या घासणीमुळे फायबरची धूळ उडत नाही; तरीही तोंडाला मास्क आणि अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा असावा.

पोटाकडच्या, म्हणजे ओढणाऱ्याकडे असलेल्या, बाजूला मुठीजवळ ताकदीचा आकडा आणि खेचीची (दोरी मागे ओढण्याची) लांबी, बहुधा ४० पौंड व २८ इंच अशा स्वरूपात, शाईने लिहिलेली असते. ती वॉर्निशच्या खाली असते आणि एकदा पुसली की परत येत नाही. तेवढ्या पट्टीवर चिकटपट्टी लावून जुने वॉर्निश तसेच राहू द्यावे. कडेचा थोडा वेगळा रंग मला खटकत नाही, धनुष्याची ओळख हरवलेली मात्र खटकते.

हळदीचा डाग साबणाने किंवा सोड्याने धुऊ नये. क्षारामुळे हळद लाल होते, कुंकू त्यातूनच बनते, आणि पिवळ्या डागाऐवजी तांबडा डाग पदरात पडतो. स्पिरिटच्या बोळ्याने जेवढे निघेल तेवढे काढावे आणि मूठ काही दिवस सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवावी. हळदीचा रंग उन्हाने उडतो. दुपारच्या उन्हात मात्र भुजा कधीही ठेवू नयेत.

नव्या पॉलिशसाठी आपल्या हवेत दिवाळीनंतरचे, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने योग्य. एका श्रावणात मी घाईने लॅकर मारले आणि दमट हवेने ते दुधासारखे पांढरे पडले. सगळे काढून पुन्हा करावे लागले. नुसते जवसाचे तेल लाकडावर चांगले दिसते, पण फायबरग्लासवर त्याला मुरायला जागाच नसते. मी ऑइल-बेस्ड पीयू आणि टर्पेंटाईन समभाग घेऊन, जुन्या मलमलीच्या बोळ्याने पातळ हात देतो. शिसवीतली नैसर्गिक तेले हा थर वाळू देत नाहीत, म्हणून ती मूठ आधी थिनरने पुसून, मेणविरहित लाखेचा एक पातळ हात देऊन घ्यावी. मग चोवीस तासांच्या अंतराने पाच किंवा सहा हात, आणि प्रत्येक दोन हातांमध्ये ६०० नंबरच्या वॉटर पेपरची हलकी घासणी. जाड थर देण्याचा मोह टाळावा. वाकताना आधी जाड थरच तडकतो. तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकले तर आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून ते अंगणात मोकळे पसरून वाळवावेत.

दोन-तीन आठवडे थर पक्का होऊ दिल्यावर मुठीचे चामडे बसवावे. जुन्या धनुष्यांची टोके आजच्या कमी ताणल्या जाणाऱ्या दोऱ्यांसाठी घडवलेली नसतात, त्यामुळे दोरी डॅक्रॉनचीच, म्हणजे थोड्या ताणल्या जाणाऱ्या पॉलिस्टर धाग्याचीच, घ्यावी. ती चढवताना पायात अडकवून वाकवण्याऐवजी चढवण्याची खास दोरी वापरावी, म्हणजे भुजा पिळवटत नाहीत. पहिल्या दिवशी काही तास नुसते चढवून ठेवावे, मग थोडे थोडे ओढत पूर्ण खेचीपर्यंत जावे, आणि बाण नसताना दोरी कधीही सोडू नये.

एरवी दोरी उतरवून धनुष्य दोन खुंट्यांवर आडवे ठेवावे, कोपऱ्यात टोकावर उभे करू नये. सुभेदारांच्या घरी आता पूजेच्या दिवशी मुठीवर विड्याचे पान ठेवतात आणि हळदकुंकू त्या पानावर वाहतात.