ग्रॅव्ह बसवण्याआधी सर्व्हरवर करायची तयारी

ग्रॅव्ह हे वेबसाइट चालवणारं सॉफ्टवेअर (सीएमएस), आणि त्याला डेटाबेस लागत नाही. पानं मार्कडाउनच्या (साध्या खुणांनी सजवलेला मजकूर) फाइलींत, सेटिंग याम्लच्या (नाव आणि मूल्य लिहिण्याची साधी पद्धत) फाइलींत, वापरकर्त्यांची खातीसुद्धा फाइलींतच. मायएसक्यूएल बसवा, युजर काढा, पासवर्ड सांभाळा, हा व्याप वाचतो. मात्र डेटाबेस जी राखण करायचा ती आता फाइलींची मालकी आणि वेबसर्व्हरचे नियम यांच्यावर येते. तयारीतला निम्मा वेळ या दोनच गोष्टींना द्या. पुढचं सगळं डेबियन १२ (लिनक्स), एनजिनएक्स (वेबसर्व्हर) आणि पीएचपी-एफपीएम (वेबसर्व्हरसाठी पीएचपी चालवणारी सेवा) धरून सांगितलं आहे.

मशीन लहान चालेल. १ जीबी रॅम निवांत पुरते. ५१२ एमबीवर भागवायचं असेल तर १ जीबीची स्वॅप फाइल (रॅम संपली की वापरायची डिस्कवरची जागा) आधीच करून ठेवा, कारण मेमरी संपते ती पानं दाखवताना नव्हे, फोटो लहान करताना. ४००० बाय ३००० पिक्सेलची जेपेग डिस्कवर २-३ एमबीची दिसते. जीडी (पीएचपीचं चित्रं हाताळणारं एक्स्टेन्शन) ती उलगडते तेव्हा दर पिक्सेलला ४ बाइट धरून जवळपास ४८ एमबी होतात आणि छोट्या प्रतीची जागा वेगळीच. अशा दोन विनंत्या एकदम आल्या की लहान मशीनवर कर्नल एखादी प्रोसेस मारून टाकतो. डिस्क पाहताना मोकळ्या जागेसोबत आयनोडही (डिस्कवर प्रत्येक फाइलीला लागणारी नोंद) बघा. ग्रॅव्हची कॅशे (आधीच तयार करून साठवलेला मजकूर) म्हणजे हजारो बारीक फाइली. आयनोड संपले की जागा शिल्लक असूनही ‘डिस्क भरली’ असाच संदेश येतो.

लॉगिनसाठी एसएसएच की (पासवर्डऐवजी वापरायची किल्ली-फाइल) टाका. यूएफडब्ल्यू ही फायरवॉल वापरत असाल तर २२, ८० आणि ४४३ हे पोर्ट आधी उघडा आणि मगच फायरवॉल चालू करा. क्रम उलटा झाला तर स्वतःच बाहेर अडकाल. नवं कनेक्शन लागतंय याची खात्री होईपर्यंत जुनं टर्मिनल बंद करू नका.

डोमेनचा ए रेकॉर्ड (नाव आयपी पत्त्याशी जोडणारी नोंद) आदल्या दिवशीच नव्या आयपीकडे वळवा. त्याच वेळी एएएए रेकॉर्डही (आयपीव्ही-६ पत्त्याची तशीच नोंद) तपासा, तो हमखास विसरला जातो. जुन्या सर्व्हरचा आयपीव्ही-६ पत्ता तिथे राहिला असेल तर लेट्स एन्क्रिप्टची (मोफत एचटीटीपीएस सर्टिफिकेट देणारी संस्था) पडताळणी आधी तिकडेच जाते आणि सर्टिफिकेट मिळत नाही. चिडून तीच कमांड पुन्हापुन्हा चालवू नका: एका नावासाठी तासात ५ पडताळण्या फसल्या की पुढच्या अडवल्या जातात. सराव करायचा तर सर्टबॉटचा (सर्टिफिकेट मागणारा प्रोग्रॅम) ड्राय-रन, म्हणजे खरं सर्टिफिकेट न घेता केलेली चाचणी, वापरा.

पीएचपीची किमान आवृत्ती तुम्ही उतरवणार त्या ग्रॅव्हच्या प्रकाशन-टिपणीत बघा, ग्रॅव्ह १.७ ला ७.३.६ पासून पुढची लागते आणि डेबियन १२ मध्ये ८.२ येते. एक्स्टेन्शनची पॅकेजं वेगळी बसवावी लागतात: कर्ल, जीडी, एमबीस्ट्रिंग, एक्सएमएल आणि झिप. डॉम आणि सिम्पलएक्सएमएल हे एक्सएमएलच्या पॅकेजमध्येच येतात. एपीसीयू (मेमरीतली कॅशे) आणि याम्ल ही एक्स्टेन्शन नसली तरी चालतं, असली तर वेग वाढतो. टर्मिनलवर पीएचपीला मॉड्यूलची यादी विचारली की ती टर्मिनलच्या पीएचपीची मिळते. एफपीएमची पीएचपी-आयएनआय ही सेटिंगची फाइल वेगळी असते, त्यामुळे एकीकडे दिसणारं दुसरीकडे असेलच असं नाही. बदल एफपीएमच्या फाइलीत करा आणि एफपीएम रीस्टार्ट करा. अपलोडची मर्यादा तीन ठिकाणी अडते: पीएचपीत फाइलीला २ एमबी, पूर्ण पोस्टला ८ एमबी आणि एनजिनएक्समध्ये १ एमबी. तिन्ही आकडे एकत्र वाढवा, नाहीतर ४१३ चा (फाइल फार मोठी) एरर कुठून येतो हे शोधत बसाल.

एनजिनएक्स एचटीअ‍ॅक्सेस फाइल वाचतच नाही, आणि खरा धोका इथेच आहे. ग्रॅव्हच्या झिपमध्ये आलेले सगळे मनाई-नियम त्या फाइलीत असतात. अपाचे या दुसऱ्या वेबसर्व्हरवर ते लागू होतात, एनजिनएक्सवर त्यांचा काडीचा उपयोग नाही. नियम न लिहिता साइट चालू केली तर ती अगदी व्यवस्थित दिसते, पण युजर फोल्डरमधल्या अकाउंट्सखालची याम्ल फाइल कोणीही ब्राउझरमधून उघडू शकतो. तिच्यात ईमेल आणि पासवर्डचा हॅश (सांकेतिक रूप) असतो. ग्रॅव्हच्या वेबसर्व्हर-कॉन्फिग्स या फोल्डरमध्ये एनजिनएक्सचा नमुना मिळतो. तो घ्या, त्यात रूटचा (साइटच्या फोल्डरचा) मार्ग आणि सॉकेटचा (एनजिनएक्स आणि एफपीएमला जोडणाऱ्या फाइलीचा) मार्ग तेवढे बदला. मनाईचे नियम पीएचपी हाताळणाऱ्या ब्लॉकच्या वरच राहू द्या: रेजेक्सचे (नमुन्याने पत्ते जुळवणारे) लोकेशन एनजिनएक्स लिहिलेल्या क्रमाने तपासतो आणि पहिलं जुळलं की तिथेच थांबतो. सॉकेटच्या नावात पीएचपीची आवृत्ती असते, ते एफपीएमच्या पूल फाइलीत बघून जसंच्या तसं लिहा. चुकलं तर ५०२ चा एरर. डेबियनची आवृत्ती पुढे कधी वाढवाल तेव्हा हेच नाव बदलेल, म्हणून कॉन्फिगमध्ये एक ओळ टिपण करून ठेवा. डीफॉल्ट साइट काढा, कॉन्फिगची चाचणी कमांड चालवा, मग रीलोड.

अपाचे वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: रीराइट मॉड्यूल चालू करा आणि त्या फोल्डरसाठी अलाउ-ओव्हरराइड ‘ऑल’ ठेवा. मुखपृष्ठ दिसतं पण आतलं प्रत्येक पान ४०४, ही तक्रार बहुतेक वेळा एवढ्यानेच मिटते. फाइली हलवताना फुली (*) वापरली तर ठिपक्याने सुरू होणाऱ्या फाइली मागे राहतात, हेही त्याच ४०४ चं कारण असू शकतं.

आता मालकी. साइट एक आणि सांभाळणारा एक असेल तर सरळ सगळं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या (वेबसर्व्हर ज्या नावाने चालतो त्या) युजरच्या नावे करा. फोल्डरना ७५५, फाइलींना ६४४ आणि बिन फोल्डरातल्या फाइलींना चालवण्याची परवानगी. ७७७ (सगळ्यांना सगळं करायची मुभा) देऊन अडचण सुटली असं वाटलं तरी ती फक्त झाकलेली असते. मग ग्रॅव्हची प्रत्येक कमांड त्याच युजरच्या नावाने सुडोतून चालवा. रूटने एकदा जरी कॅशे साफ केली, तरी नव्या कॅशे फाइली रूटच्या मालकीच्या होऊ शकतात, वेबसर्व्हरला तिथे लिहिता येत नाही आणि काल चालणारी साइट आज ५०० चा एरर देते. उपाय म्हणजे पुन्हा मालकी बदलणं, पण सवय लावणं स्वस्त पडतं. रेड हॅटच्या घराण्यातलं लिनक्स असेल तर मालकी बरोबर दिसूनही परवानगी नाकारली जाते, कारण एसई-लिनक्स या सुरक्षा-व्यवस्थेचं लेबल. होम फोल्डरमधून एमव्हीने हलवलेली फाइल जुनं लेबल घेऊन येते, सीपीने केलेली प्रत नव्या जागेचं घेते.

पॅकेज अ‍ॅडमिनसह (ब्राउझरमधून साइट सांभाळण्याचं पॅनेल) घ्यायचं की नुसता गाभा, हे आधीच ठरवा. एकटेच लिहिणार आणि मार्कडाउन येत असेल तर अ‍ॅडमिन नकोच. दारं जितकी कमी तितकं बरं. घेणार असाल तर हे लक्षात ठेवा की अ‍ॅडमिनचं पान पहिल्यांदा उघडणाऱ्याला खातं काढण्याचा फॉर्म मिळतो, मग तो कोणीही असो. फाइली टाकून रात्री झोपायला जाऊ नका. तोवर फायरवॉलमध्ये आधी उघडलेले ८० आणि ४४३ आपल्या आयपीपुरतेच मर्यादित करा, खातं काढा, मग सर्वांना उघडा. सर्टिफिकेट त्यानंतर घ्या, कारण पडताळणीला पोर्ट ८० बाहेरून उघडा लागतो.

खुलं केल्याबरोबर टर्मिनलवरच्या कर्ल कमांडने दोन पत्ते तपासा: आतल्या एखाद्या पानाला २०० (ठीक) आलं पाहिजे आणि अकाउंट्समधल्या तुमच्या याम्ल फाइलीला ४०३ (मनाई).

बॅकअपला युजर फोल्डर पुरतं, बाकी सगळं झिपमधून परत मिळतं. ग्रॅव्ह स्वतःचे बॅकअप वेबरूटच्या आतल्याच बॅकअप फोल्डरमध्ये ठेवतं, म्हणून त्याची एक प्रत रोज दुसऱ्या मशीनवर जाईल असा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावा, आणि पहिली प्रत आली की ती रिकाम्या फोल्डरमध्ये उलगडून साइट तिच्यावर उभी राहते का ते बघा.